उत्तर उद्या

आमच्या सरांच्या तासाला 'येस सर' म्हटलं की गैरहजेरी लागायची. खोटं वाटेल, पण आमच्या वर्गातल्या कुणालाही विचारा.

सर नाव पुकारायचे आणि थांबायचे. ज्याचं नाव त्यानं उभं राहून एक प्रश्न विचारायचा. विषय अर्थशास्त्राचा असला तरी प्रश्न अर्थशास्त्रातलाच पाहिजे असं काही नव्हतं. कशातलाही चालायचा, फक्त तो स्वतःला पडलेला पाहिजे. प्रश्न असला की तुम्ही हजर. नसला की सर पेनाला टोपण लावत म्हणायचे, "अहो, तुम्ही आलाच नाहीत. नुसती चप्पल आलीय तुमची."

अहो-जाहो सगळ्यांनाच. बारावी पास होऊन आलेल्या, मिसरूडसुद्धा न फुटलेल्या पोरांना सर "अहो" म्हणायचे आणि ती पोरं मागं वळून बघायची, आपल्या पाठीमागं कुणी मोठं माणूस उभं आहे का म्हणून.

प्रश्नातही त्यांच्या आवडी-निवडी होत्या. "सर, पंखा कधी दुरुस्त होणार?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ही तक्रार झाली. तक्रार ऑफिसात करा." कुणी महागाईची व्याख्या विचारली की म्हणायचे, "हा गाईडातला आहे. गाईडाची हजेरी लावू का तुमची?" एका पोरानं एकदा विचारलं, आमचं सोयाबीन घरात असतं तोवर भाव चढा, आम्ही बाजारात नेलं की तो उतरतो कसा? सर खुर्चीवरून उठले. फळ्यावर मोठ्या अक्षरात तो प्रश्न लिहिला आणि त्या पोराला म्हणाले, "तुमची पूर्ण आठवड्याची हजेरी." पोरगं लाजून लाल.

आणि उत्तर? ते त्या दिवशी कधीच मिळायचं नाही. "उत्तर उद्या," म्हणायचे आणि शिकवायला लागायचे. दुसऱ्या दिवशी कालच्या प्रश्नांपासून सुरुवात. कधी स्वतः सांगायचे, बहुतेकदा वर्गालाच भांडायला लावायचे. भांडण रंगलं की स्वतः खिडकीत उभं राहून खिशातले शेंगदाणे खायचे. शेंगदाणे कायम असायचे. खडूही त्याच खिशात. त्यामुळं कधी फळ्यावर शेंगदाणा घासला जायचा आणि कधी दातांखाली खडू यायचा, पण खिसा काही त्यांनी बदलला नाही.

मूळचे तुळजापूरचे. घर देवळाच्या जवळच, त्यामुळं लहानपण यात्रेकरूंच्या गर्दीत हाका मारण्यात गेलेलं. आवाज इतका मोठा की शेजारच्या वर्गातल्या इतिहासाच्या मॅडम म्हणायच्या, "आमच्या पोरांचं अर्थशास्त्र माझ्या विषयापेक्षा बरं आहे." वर्षभर छत्री बरोबर. उन्हाळ्यात का, विचारलं तर, "पावसाळ्यात शोधायला लागू नये म्हणून."

एका पोराच्या वडिलांनी प्राचार्यांकडं तक्रार केली होती, पोरगं रोज कॉलेजला येतं आणि हजेरी कशी काय नाही? प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सर म्हणाले, "येतो ना रोज. नुसता येतो." प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी सरकारी हजेरीपट वेगळा आणि प्रश्नांची हजेरी वेगळी, असा तह झाला. सरकारी हजेरी सर शिपायाकडून घ्यायचे. म्हणायचे, डोकी मोजायला प्राध्यापक कशाला पाहिजे?

हे सगळं ऐकून वाटेल की आम्ही पोरं त्यांच्यावर जीव टाकत होतो. छे! निम्मा वर्ग वैतागलेला असायचा. मी तर सगळ्यात जास्त. मी ईट गावाजवळच्या वाडीवरून यायचे. आमची खव्याची भट्टी. पहाटे उठून गावातलं दूध मोजून घ्यायचं, त्याची फॅट तपासायची, मग डबा, मग एसटी. ती चुकली की वडापची जीप, दाराला लोंबकळत. एवढं करून कॉलेजला पोचावं तर हा माणूस म्हणणार, तुमचा प्रश्न कुठंय? अहो, झोप कुठंय ते विचारा आधी! पहिल्या महिन्यात माझी नुसती चप्पलच येत होती.

मग कधीतरी एसटीत बसल्या-बसल्या डोक्यात यायला लागलं, आज काय विचारायचं? खिडकीतून बघायचे आणि शोधायचे. रस्त्याकडेला एकच हॉटेल चालतं आणि समोरचं का चालत नाही? दूध आम्ही मोजून घेतो, मग खवा घेणारा व्यापारी त्याच्याच काट्यावर का मोजतो? हा शेवटचा मी विचारला तेव्हा सरांनी शेंगदाणे खाणं थांबवलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! घरी आल्यावर आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं. आण्णा कढई हलवत म्हणाले, "हे शिकाया कालेजात जातीस व्हय? हे तर म्या बी इचारतो की रोज." आणि हसले.

मग लॉकडाऊन आलं. कॉलेज मोबाईलवर गेलं.

मोबाईलवर सरांचं फक्त कपाळ दिसायचं आणि वर फिरणारा पंखा. कॅमेरा खाली करा म्हटलं तर हनुवटी आणि शेंगदाण्याचा डबा. हजेरीत मात्र तसूभर फरक नाही. नाव पुकारायचे आणि थांबायचे. इकडं कुणाची रेंज गेलेली, कुणाचा माईक बंद, कुणी रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढलेलं. तासाचा तास हजेरीत जायचा. बहुतेकांचा एकच प्रश्न, "सर, आवाज येतोय का?" सर म्हणायचे, "सध्या सगळा देश हाच प्रश्न विचारतोय. उत्तर उद्या." एकदा माझं नाव पुकारलं आणि मी माईक चालू केला, तेवढ्यात दावणीची म्हैस जोरात ओरडली. सर शांतपणे म्हणाले, "ह्यांचा प्रश्न मला समजला नाही. उद्या परत विचारायला सांगा. पण हजेरी लावतो." पुढं कित्येक दिवस वर्गातली पोरं मला म्हशीची खुशाली विचारायची.

परीक्षाही मोबाईलवर झाली. चार पर्याय, एकावर बोट ठेवायचं. आणि काय सांगू, सगळा तालुका हुशार झाला! आमच्या गल्लीतला एक जण कॉलेज कोणत्या दिशेला आहे हेही नीट सांगू शकत नव्हता, त्याला नव्वद टक्के पडले. मला त्याच्याहून कमी. कारण मी खुळी, पुस्तक मिटून सोडवत बसले होते.

ही गोष्ट आण्णांच्या डोक्यात बसली. बसणारच. माणूस व्यवहारी. कॉलेज परत उघडलं, तोवर एसटीचं काही खरं राहिलं नव्हतं, रोज वडापचे हाल. तशात आण्णांनी खव्याचं मशीन आणलेलं, धंदा वाढलेला, दूध घ्यायला, फोन घ्यायला घरात माणूस पाहिजे. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "बाई, तू आता बाहीरून कर डिग्री. घरी बसून. परीक्षेपुरतं जायाचं."

मी म्हटलं, "पण आण्णा, वर्ग?"

"वर्ग मोबाईलमधी हाय की सगळा. त्या पोराला घरी बसून नव्वद पडले. तुला रोज जाऊन किती पडले?"

यावर काय बोलणार?  सुचलं असतं तरी आण्णांसमोर बोलायची आमच्यात पद्धत नाही. ते कधी ओरडायचे नाहीत, हात तर कधीच उगारला नाही. पण त्यांचं बोलून झालं की विषय संपायचा. मी ताट घासायला घेऊन गेले आणि मोरीत बसून रडले. डिग्रीसाठी नव्हते रडत, डिग्री तर मिळणारच होती. सकाळी एसटीत बसून आज काय विचारायचं म्हणून खिडकीबाहेर बघायचे, ते आता बंद होणार होतं. ते कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर हसले असते.

दुसऱ्या दिवशी आण्णा माझ्याबरोबर कॉलेजला आले, टीसी काढायला. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, हातात खव्याची पिशवी, कारण रिकाम्या हातानं ते कुणाच्या दारात जात नाहीत. ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं, विभागप्रमुखांची सही आणा. विभागप्रमुख म्हणजे सर. विभागात तेच एकटे होते.

सरांचा तास चालू होणार होता. आण्णा दारात उभे राहिले. सर म्हणाले, "या, बसा. तास झाल्यावर बोलू."

आण्णा शेवटच्या बाकावर बसले. पिशवी मांडीवर. वर्गात फार कुणी नव्हतंच. लॉकडाऊननंतर निम्मी पोरं पुण्याला कंपनीत लागलेली, नाव इथं आणि माणूस तिकडं. सर त्यांचीही नावं पुकारायचे आणि तितकंच थांबायचे. पोरगं पुण्याहून पळत आलं तर पोचेल, इतकं. आम्ही जांभया द्यायचो.

त्या दिवशी पहिलंच नाव पुकारायच्या आधी सरांनी शेवटच्या बाकाकडं बघितलं. "आपलं नाव?"

आण्णांनी सांगितलं. सरांनी ते हजेरीला घेतलं, पुकारलं आणि थांबले. वर्ग हसायला लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आण्णांना हे काहीच माहीत नव्हतं, ते इकडं-तिकडं बघायला लागले. पुढच्या बाकावरच्या पोरीनं त्यांना हळूच सांगितलं, "काका, प्रश्न विचारायचा असतो."

आण्णा उठले. म्हणाले, "सायेब, मला पोरीचा टीसी पाहिजे."

"ही मागणी झाली," सर म्हणाले. "प्रश्न विचारा."

आण्णा चिडले. मला कळलं, कारण त्यांनी टोपी नीट केली. "बरं, इचारतो. लॉकडाऊनमधी तुमी मोबाईलवर शिकवलं. परीक्षा मोबाईलवर. पुस्तकं मोबाईलवर. जे घरी बसले ते पास झाले, जे येत होते ते बी पासच झाले. मंग पोरीनं रोज येवढे हेलपाटे घालून इथं यायाचं ते कशापायी?"

 कुणी हसलं नाही. कारण हा प्रश्न आम्हा सगळ्यांचा होता आणि सरांना तो विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

सर फळ्याकडं गेले आणि प्रश्न शब्दाला शब्द लिहून काढला. मग वळले. चेहरा असा उजळलेला, घरात पाहुणा आल्यासारखा. म्हणाले, "पिशवीत खवा आहे ना? वास येतोय. मग तुम्हीच सांगा, खवा करताना कढईजवळ कुणी उभं न राहता चालेल का? सारखं हलवावं लागतं ना? शिक्षणाचंही तसंच."

आण्णा म्हणाले, "न्हाय सर. आता मशीन हाय. बटन दाबलं की कढई आपली आपण फिरती. म्या खाटंवर पडून असतो."

सगळा वर्ग हसत सुटला. सर स्वतः सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले, ठसका लागेपर्यंत. डोळे पुसत म्हणाले, "हरलो. लिहून घ्या रे, मास्तर हरला. पुढचं नाव."

पुढची नावं झाली. मग माझं आलं. मी उभी राहिले. येताना वडापमध्ये मी एक प्रश्न ठरवून आणला होता, व्याजदराबद्दल काहीतरी. हा आपला शेवटचा प्रश्न म्हणून चांगला शोधलेला. पण तोंड उघडलं आणि मान मागं वळली. घरात जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते तिथं झालं. मी म्हटलं, "माझा प्रश्न आण्णांना आहे. आण्णा, तुम्ही शाळा का सोडली?"

 आण्णा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि हाताला धरून नेतील. सरांचा खिशात गेलेला हात खिशातच राहिला.

आण्णा बसूनच बोलले. "सातवीत होतो. माज्या वडलांनी, दादांनी, म्हशी घेतल्या, म्हनले उद्यापासून हिकडं. गेलो. गणित चांगलं व्हतं माझं." मग म्हणाले, "का सोडली म्हनून आजवर कुणी इचारलं न्हाय बघ. मास्तरांनी न्हाय, दादांनी न्हाय, तुज्या आयनं बी न्हाय. तूच पयली."

मला रडू आलं. लपवलं नाही. पुढच्या बाकावरची पोरगीही डोळे पुसत होती, ती तर आण्णांना ओळखतही नव्हती.

सरांनी तास घेतला. काय शिकवलं ते मला आठवत नाही. तास संपल्यावर आण्णा अर्ज घेऊन टेबलाशी गेले. सरांनी तो वाचला आणि परत दिला. "सही करतो ना. पण तुम्ही प्रश्न विचारलाय. उत्तर न देता सही केली तर माझी वर्गात काय पत राहील?"

"मंग द्या की उत्तर."

"उत्तर उद्या. आमच्याकडं पद्धतच तशी आहे."

"उद्या म्या कशाला येतो? भट्टी कोण बघंल?"

 सरांनी फक्त माझ्याकडं बघितलं. आण्णांनीही बघितलं. मग खव्याची पिशवी टेबलावर ठेवून चालायला लागले.

 दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी दूध मोजायला उठले तर आण्णा आधीच बसलेले, माप हातात. म्हणाले, "दूध म्या घेतो. तू आवर. वडाप चुकंल."

मी बघतच राहिले.

"बघतीस काय? माजं उत्तर घिऊन ये जा."

मी गेले. सरांना म्हटलं, आण्णांनी उत्तर मागितलंय. सर म्हणाले, "उद्या." संध्याकाळी आण्णांनी विचारलं, "दिलं का?" "उद्या म्हणाले." "मंग उद्या जा."

असं किती दिवस चाललं म्हणता? ते वर्ष पूर्ण गेलं. बाकीच्यांच्या प्रश्नांना दुसऱ्या दिवशी उत्तर मिळायचं, आण्णांच्या प्रश्नाला मात्र 'उद्या'च. आण्णा काही दूधखुळे नव्हते. त्यांना पहिल्याच दिवशी सगळं कळलं असणार. पण टीसी नको म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं आणि सरांना तर उत्तर द्यायचंच नव्हतं. दोघं मिळून मला शिकवत होते आणि दोघंही तसं कबूल करत नव्हते. तो अर्ज घडी पडून पडून फाटला.

एम. ए.ला मी धाराशिवला गेले. सुट्टीत आले की आण्णा खव्याची पिशवी हातात द्यायचे, "सरांकडं जाऊन ये. उत्तर राहिलंय." सर पिशवी घ्यायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून विचार चालू आहे म्हणावं." पुढं बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा वर्गातल्या एका पोरीनं म्हणे विचारलं, आता एसटीत एवढ्या बायका दिसतात, त्या आधी कुठं होत्या? हे मला सांगताना सर इतके खुश होते की पिशवी घ्यायचंच विसरले.

निवृत्तीच्या कार्यक्रमात भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "उत्तर उद्या," आणि खाली बसले. ते तुळजापूरला राहायला गेले. मागच्या वर्षी गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आण्णा मशीनजवळ उभे होते. त्यांनी बटन बंद केलं. कढई थांबली. मग म्हणाले, "माजं उत्तर न्हेलं की माणसानं बरोबर." त्या दिवशी आमच्या भट्टीवर खवा झाला नाही.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर. खूप बदललंय. सेमिस्टर आहे, क्रेडिट आहेत. हजेरी मोबाईलला चेहरा दाखवून लागते. पोरं दारात येतात, चेहरा दाखवतात, आणि तोच चेहरा घेऊन परत जातात. मी बोलत नाही. डोकी मोजायचं काम मशीननं केलं तर सरांना बरंच वाटलं असतं. जी पोरं बसतात त्यांची मी माझी हजेरी घेते. नाव पुकारते आणि थांबते. निम्मी वैतागतात. वैतागू देत, मीही वैतागत होते.

परवा एक पोरगं उभं राहिलं. कानात इअरफोनचं एक बोंडूक तसंच, दुसरं हातात. त्याला मी वर्गात पहिल्यांदाच बघत होते. म्हणालं, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही शिकवताय ते सगळं मोबाईलमध्ये आहे, तुमच्यापेक्षा चांगलं समजावून सांगतंय. मग इथं यायचं कशाला?"

 मी फळ्याकडं वळले आणि प्रश्न लिहिला. जरा सावकाश लिहिला, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं. मग म्हटलं, "हजर. उत्तर उद्या."

संध्याकाळी आण्णांना सांगितलं. आण्णा आता थकलेत, भट्टीवर नुसते खाटेवर बसून असतात. त्यांनी सगळं ऐकलं. कोण, कुठल्या गावचा, असलं काही विचारलं नाही. मी उद्या काय सांगणार, तेही विचारलं नाही.

पहाटे मला हाक मारून उठवलं. बाहेर अजून उजाडलं नव्हतं.

"ऊठ बाई," म्हणाले. "पयल्या गाडीनं जा आज. ते पोरगं येऊन बसलं असंल."